शेवटपर्यंत बोलू दिले

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा कामावर गेले. सकाळभर इस्पितळात औषधांच्या खिडकीवर बसले, दुपारी राजधानीहून, आपियाहून आलेली खोकी फोडून बाटल्या फळ्यांवर लावल्या, चारच्या बसने घरी आले. बस माझ्या दिराची, लाफाएलेची. त्याने भाडे घेतले नाही आणि बोललाही नाही. तो एरवीही बोलत नाही. या घरात बोलणारा माझा नवरा, पेनितितो होता. आता आमची मुलगी इआनेता आहे.

मर्तिकाचे पाहुणे गेले. आहेराच्या चटया वाटून झाल्या, डुकरे कापून झाली, मांसाचे उरलेले डबे चर्चला दिले. घरासमोरच्या कबरीचे सिमेंट अजून ओले दिसते.

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, बोलायला जमत नसेल तर लिहीत जा. नवऱ्याला जाऊन महिना झाला तरी मी कुणापुढे रडले नाही, याची त्यांना काळजी वाटते. मला वाटत नाही.

८ मार्च, रविवार

चर्चहून आल्यावर लाफाएले आणि आम्ही दोघी जेवलो. तारोचे कंद, मासे, नारळाच्या दुधातली अळूची पाने. पेनितितोची जागा रिकामी ठेवली नव्हती, पण तिथे कुणी बसले नाही.

जेवताना विषय निघाला की आता प्रमुखांच्या वतीने बोलणार कोण. आमच्या गावचे प्रमुख तुइलेफांगा स्वतः सभेत बोलत नाहीत. त्यांच्या जागी बोलायचा मान लेआमानू या पदवीचा, आणि ती पदवी आमच्या घरात. पेनितितोने ती सतरा वर्षे चालवली. लाफाएले म्हणाला, "वहिनी, मला थांब्यांची नावं ओरडता येतात. त्यापुढे माझी जीभ चालत नाही." इआनेता हसली. बाप गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली.

मी आपियात वाढले. वडील कस्टममध्ये कारकून होते. सभेचे रीतिरिवाज मला कधी नीट कळले नाहीत. सभा भरली की मी मागे, स्वयंपाकाच्या छपराखाली नाहीतर इस्पितळात असायची. पेनितितोचे भाषण मी एकदाही समोर बसून ऐकले नाही. एवढे मात्र ठाऊक आहे की शेजारच्या गावचा वक्ता उलुफाले त्याला नेहमी मध्येच तोडायचा. पेनितितो आपल्या पूर्वजांची नावे घ्यायला लागला की हा म्हातारा समोरून बोलून त्याला थांबवायचा. घरी येऊन पेनितितो हसत सांगायचा, "आज आजीपर्यंतसुद्धा पोचू दिलं नाही त्याने." मला त्या हसण्याची दया यायची. अपमान लपवण्याची ती त्याची पद्धत होती. मी उलुफालेला कधी चांगला कोको करून दिला नाही. पाणी जास्त घालायची.

फक्त एकदा, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका मर्तिकाला, त्याला कुणी थांबवले नाही. त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही. "आज कुणी अडवलंच नाही गं," म्हणाला आणि पाठ करून झोपला. दमला असेल.

१७ मार्च, मंगळवार

शाळेत बोलावले होते. इआनेताचे हे शेवटचे वर्ष. इओसेफो सर पुढच्या वाटा दाखवतात. बोलण्यात हुशार असलेल्या मुलांसाठी त्यांनी एक मोठा तक्ता केला आहे, चित्रांसह. वकील, शिक्षक, रेडिओवर बातम्या देणारा, कोर्टातला दुभाषी, पर्यटकांना फिरवणारा, ऑकलंडमध्ये फोनवर गिऱ्हाइकांशी बोलणारा. पाद्रीही होता, पण त्यावर सरांनी बोट ठेवून ते उचलले, कारण आमच्या चर्चमध्ये बाईला तो होता येत नाही. म्हणाले की अशी जीभ असलेले मूल त्यांनी पुष्कळ वर्षांत पाहिले नाही, आणि ती दोन्ही भाषांत सारखीच चालते.

इआनेताने तक्ता शांतपणे पाहिला. मग विचारले, "सर, यात बाबांचं काम कुठे आहे?"

सर म्हणाले, "ते काम नाही गं. ती पदवी आहे."

"बाबा दिवसभर तेच करायचे."

"बरं, एक रकाना वाढवतो. पण या गावात तिथे मुलीचं नाव कोण लिहील?"

"ज्यांनी बाबांचं लिहिलं ते."

सर हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले.

येताना ती रस्ताभर बोलत होती. तिने सरांची नक्कल केली, पाद्र्यांची केली, माझीही केली. माझ्या नकलेत ती नुसती गप्प उभी राहते. मग अचानक तिने विचारले, "आई, तुला काय वाटतं?" मी म्हटले वकिली चांगली, घरात कुणीतरी कायदा शिकलेले असावे. ती पुढे चालू लागली. पटले असावे.

२९ मार्च, रविवार

तारोच्या वाफ्यात तण माजले होते. दोघी काढायला बसलो. पेनितितो तिला हे काम करतानाच शिकवायचा. एकेक गावाचे नाव घ्यायचा आणि तिथल्या कोणत्या घराण्याला कोणत्या मानाने हाक मारायची ते ती म्हणून दाखवायची. चुकली तर मातीचे ढेकूळ तिच्या पाठीवर. लहानपणी ती सभेच्या घराच्या खांबाआड बसून त्याचे ऐकायची, लोक तिला हाकलायचे आणि ती पुन्हा यायची.

आज तण काढताना ती गावांची नावे पुटपुटत होती. नाव झाले की क्षणभर थांबायची. मी ढेकूळ मारायला हवे होते की काय, कोण जाणे. मला ती उत्तरे येत नाहीत.

१४ एप्रिल, मंगळवार

प्रमुखांकडे बोलावले होते. त्यांच्या नातीचे लग्न उलुफालेच्या गावातल्या मुलाशी ठरले आहे. शनिवारी ते गाव आहेराच्या चटया घेऊन येणार. समोर उलुफाले असणार, आणि त्याच्यापुढे बोलायला आमच्याकडे कुणी नाही. आमच्या घराण्यातली वडीलधारी मंडळी होती. लाफाएले मान खाली घालून बसला होता. "मला उभं केलंत तर वऱ्हाड परत जाईल," एवढेच म्हणाला.

तुइलेफांगांनी विचारले, पेनितितोची मुलगी कुठे आहे?

बरीच कुजबुज झाली. मुलगी आहे, अठरा वर्षांची आहे, पदवी नाही, या गावात कधी झाले नाही. प्रमुख म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "शेजारच्या गावांत बायका बोलतात. एकदा बोलू दे. समोरचे तिला कसं घेतात ते पाहू. त्यांनी मानलं तर पदवी तिच्यासाठी राखून ठेवू. नाही मानलं तर लाफाएले आहेच."

म्हणजे शनिवारवर सगळे आहे. घरी येऊन तिला सांगितले. ती उठली, कबरीपाशी गेली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली. मी हाक मारली नाही. तारो भाजायला टाकला होता.

१८ एप्रिल, शनिवार

आज मी रजा घेतली आणि पहिल्यांदाच सभेच्या घरात समोरच्या बाजूला बसले, शेवटच्या खांबाजवळ.

ती बाहेर गवतावर उभी राहिली, अनवाणी. बापाची काठी पायाच्या बोटांत रोवलेली. काथ्याची चवरी तिने आधी एका खांद्यावरून, मग दुसऱ्यावरून फिरवली आणि मग खांद्यावर सोडली. पेनितितो दारात उभा राहून हे करून दाखवायचा तेव्हा मी हसायची. आज हसू आले नाही. तिने तोंड उघडले आणि सगळे घर गप्प झाले. आवाज तिचाच होता, पण शब्द ठेवायची रीत त्याची. वाक्याच्या शेवटी खाली उतरायचे आणि तिथेच थोडे थांबायचे.

तिने दोन्ही गावांना मानाने हाका मारल्या, चटयांचे कौतुक केले, नवरा-नवरीला आशीर्वाद दिला. मग आमच्या घराण्याच्या नावांकडे वळली. बाप, आजा, पणजा. एका नावाशी थांबली आणि समोर उलुफालेकडे पाहिले. तो तोंडापुढे पंखा धरून मान खाली घालून बसला होता. ती पुढे गेली. पुन्हा थांबली, पुन्हा पाहिले. त्याचा पंखा हललासुद्धा नाही. पुढे तिचा आवाज थोडा उतरला, दमली असावी, पण एकही नाव चुकली नाही. पार पहिल्या पुरुषापर्यंत गेली आणि शेवट केला.

कुणी एक शब्द मध्ये काढला नाही. उलुफालेनेसुद्धा. त्याच्या उत्तराच्या भाषणात तो थोडेच बोलला.

घरी आल्यावर तिने विचारले, "कसं झालं?"

मी म्हटले, "फार छान. कुणी तुला थांबवलं नाही. बाबांना जन्मात एकदाच जे मिळालं ते तुला पहिल्याच दिवशी मिळालं. शेवटपर्यंत बोलू दिलं."

तिने चवरीचे धागे सरळ केले. मग "हो," म्हणाली. चवरी खुंटीला लावली, अंघोळ केली आणि भर दुपारी झोपली. एवढे बोलल्यावर थकणारच.

त्याच्या मागे माझा हा पहिला चांगला दिवस.

२७ एप्रिल, सोमवार

घराण्यातल्या मंडळींनी पदवी लाफाएलेला द्यायचे ठरवले. मला कळेना. बसमध्ये त्यालाच विचारले. तो पुढे बघत गाडी चालवत म्हणाला, "समोरच्यांनी तिला कसं घेतलं ते सगळ्यांनी पाहिलं, वहिनी."

मी म्हटले, सगळ्यांनी मन लावून ऐकले.

"ऐकलं ना," तो म्हणाला. मग गिअर बदलला. त्याला पदवी नको आहे हे त्याच्या मानेवरूनही दिसते. मुलगी आहे म्हणून दिली नाही, हे उघड आहे. तोंडावर म्हणायला लाजतात.

इआनेताला सांगितले तर तिला नवल वाटले नाही. वाफ्यातली पाने आणायला निघून गेली. हल्ली कमी बोलते. अभ्यास असेल.

१६ मे, शनिवार

लाफाएलेचा पदवीचा सोहळा झाला. शेजारच्या गावांचे वक्ते आले होते. मी आणि इआनेता मागे कावाची, सभेत प्यायच्या त्या काढ्याची, भांडी धूत होतो. तिथून ऐकू येत होते, थोडे दिसतही होते.

बिचारा लाफाएले. काठी त्याने गिअरचा दांडा धरावा तशी धरली होती. दोन वाक्ये कशीबशी बोलला, बापाचे नाव घेतले आणि पुढचे विसरला. तेवढ्यात उलुफालेचा आवाज आला, मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "पुरे, लेआमानू, तू कोण आहेस ते आम्ही जाणतो." म्हाताऱ्याने याचाही मान ठेवला नाही. दुसऱ्या वाक्यालाच तोडले.

नवल म्हणजे लाफाएले हसत बाहेर आला. बायकांनी त्याच्या गळ्यात हार घातले. मी वळून पाहिले तर इआनेताच्या हातात तेच एक भांडे होते. ती ते धूतच होती.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर म्हणाली, "आत्याला सांग, मी येते." आकेनेसे, माझी ऑकलंडची नणंद, हिने तिकडे राहायला जायच्या परवान्यांच्या सोडतीत तिचे नाव घातले होते. ते लागले आहे आणि तिच्या ओळखीने फोनवरची नोकरीही आहे. मी विचारले, शाळा? वकिली? ती म्हणाली, "सरांच्या तक्त्यात हेपण होतं ना, आई. चित्रात बाई हसतसुद्धा होती."

जाऊ नको म्हणावे असे मनात आले. पण तिला पुढे जायची हिंमत आली आहे. एप्रिलमधल्या त्या भाषणाने आली. ती मोडणारी मी कोण?

११ जून, गुरुवार

बोटीपर्यंत सोडायला गेले. लाफाएलेने बस रिकामी नेली, आम्ही तिघेच. वाटेत तो थांब्यांची नावे घेत गेला, तिला हसवायला. तिने प्रत्येक थांब्याला टाळी वाजवली.

धक्क्यावर तिने विचारले, "काही सांगायचंय का?" मी म्हटले, गरम कपडे वापर. तिने मला नाकाला नाक लावून धरले. मग चढली. काठी आणि चवरी लाफाएलेकडे गेली आहेत. खुंटी रिकामी आहे. त्यावर मी इस्पितळाचा झगा लावते.

२१ जून, रविवार

तिचा फोन आला. काम चांगले आहे म्हणते. ज्यांचे इंटरनेट बंद पडते ते लोक फोन करतात, आणि काय बोलायचे ते पडद्यावर लिहून येते. त्याबाहेर गेलेले चालत नाही, वरिष्ठ ऐकत असतात. तिला शाबासकी मिळाली. लोक फार ओरडतात का, मी विचारले. "इथे सगळेच मध्ये तोडतात, आई," ती म्हणाली आणि जरा विचित्र हसली.

ठेवताना म्हणाली, "आणखी काही?" इतक्या गोड आवाजात की मला क्षणभर वाटले दुसरेच कुणी बोलते आहे.

५ जुलै, रविवार

उलुफाले आला. एकटाच, हातात केळीच्या पानात बांधलेले मासे. कबरीपाशी आधी गेला, मग पायरीवर बसला. मी कोको केला. नेहमीसारखाच पातळ. तो प्यायला.

म्हणाला, "मुलगी दिसत नाही."

मी सांगितले.

"फोनवर बोलते? काय बोलते?"

मी तेही सांगितले. त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "चूक माझी आहे, पोरी. मी तिला थांबवायला हवं होतं."

मी म्हटले, थांबवले नाही हेच तर तुमचे उपकार. आयुष्यभर तुम्ही माझ्या नवऱ्याला तोडत आलात.

म्हातारा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी दुसरी भाषा बोलले. मग हळूहळू, लहान मुलाला सांगावे तसे सांगितले. घराण्याची नावे सगळीच्या सगळी उघड्यावर येऊ द्यायची नसतात. समोरचा ज्याला मोठा मानतो त्याला तिथे अडवतो. तुझे घराणे आम्हाला ठाऊक आहे, तुला ते सिद्ध करायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. लहान मूल बोलते तेव्हा त्याला कुणी अडवत नाही. त्याला बोलू देतात आणि गोड मानून घेतात.

"पेनितितोने तुला कधी सांगितलं नाही?"

तो हसायचा, मी म्हटले.

"हसणारच. मी सोडून कुणी त्याला इतक्या लवकर अडवत नसे."

मग मी विचारले, की तिला का नाही अडवले.

उलुफाले म्हणाला, "तोंड उघडलं होतं मी. दोनदा. पण आवाज त्याचा होता गं. वाटलं, थांबवलं की तो गेला. आणखी एक नाव ऐकू, आणखी एक, असं करता करता ती शेवटाला पोचली. पंख्याआड रडत होतो. लाफाएलेला अडवणं सोपं होतं. त्याच्या आवाजात कुणी नव्हतं."

हे तिला का नाही सांगितलेत, मी विचारले.

"वाटलं, तिला कळलं असेल. तिला सगळं कळतं."

तो गेल्यावर मासे साफ केले. उरलेला कोको मी प्यायले. खरेच पातळ होता.

१२ जुलै, रविवार

तिचा फोन आला. आठवडाभर मी काय बोलायचे ते मनात लावून ठेवले होते. पण ती थांबेना. आत्याच्या घरातली थंडी, बसमधली माणसे, कोण कुणाला काय म्हणाले. सगळे नीट, क्रमाने, कुठे अडखळणे नाही. आपण किती बरे आहोत हे ती एकेक करून मला पटवून देत होती. मी ऐकत होते. मला कुणाचे बोलणे तोडायची सवय नाही.

मग तोडले. म्हटले, "पुरे, इआनेता. तू कोण आहेस ते आम्ही जाणतो."

ती वाक्याच्या मध्येच थांबली. मला वाटले फोन बंद पडला.

मग ती म्हणाली, अगदी लहान आवाजात, "हे तू म्हणायचं नसतं, आई. समोरच्याने म्हणायचं असतं."

"समोरचा आला होता," मी म्हटले, आणि उलुफालेने सांगितले ते सगळे सांगितले. पंखा, दोनदा उघडलेले तोंड, आणखी एक नाव. मला त्याच्यासारखे सांगता आले नाही. काही मागेपुढे झाले.

ती रडत होती की नाही, कळले नाही. तिच्या मागे कुणाच्या तरी घरातला टीव्ही चालू होता.

"पण काकांना पदवी दिली ना?" तिने विचारले.

"दिली."

"ती आता काढत नाहीत."

"नाही."

"काका आता तरी बोलतात का?"

"बसमध्ये थोडं."

ती हसली असावी. मग म्हणाली, "बाबांसारखा होता आवाज, असं म्हणाले ते?"

"हो."

"तुला वाटला होता?"

"हो."

"मग त्या दिवशी का नाही म्हणालीस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिने थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग तिचा आवाज बदलला. पहिल्या फोनवरचा तो गोड, गुळगुळीत आवाज आला. उद्या लवकर कामावर जायचे आहे, ठेवायला हवे, म्हणाली. "आणखी काही, आई?"

परत ये, एवढे दोनच शब्द होते.

"नाही," मी म्हटले.

बाहेर वारा सुटला होता. नीरफणसाची मोठी पाने कबरीवर पडली होती. खराटा घेतला, झाडून काढली, आणि कडेला ढीग करून ठेवला.